आमेन म्हणणारी माणसं

दुपारी एकच्या सुमारास सिस्टरबाई झाकलेलं ताट घेऊन माझ्या दुकानाच्या पायरीशी आल्या, की समोर कितीही गिऱ्हाईक असो, मला हातातलं काम खाली ठेवावं लागायचं. बाई ताट काउंटरवर ठेवायच्या, डोक्यावरून पदर घ्यायच्या, डोळे मिटायच्या आणि देवाशी बोलायला लागायच्या. बोलणं संपलं की एकच डोळा उघडून आमच्याकडे बघायच्या.

"आमेन म्हना. भाकर थंडी होऊन राहिली."

आम्ही म्हणायचो. बांगड्या बघायला आलेल्या बाया म्हणायच्या, वही घ्यायला आलेली पोरं म्हणायची, एकदा तर पत्ता विचारायला थांबलेल्या पोलिसानंही म्हटलं. मग बाई ताट उचलून शेजारच्या आपल्या घरी जायच्या आणि जेवायला बसायच्या. कुणी आमेन म्हटल्याशिवाय त्यांनी घास तोंडात घातलेला मी कधी पाहिला नव्हता.

त्यांचं खरं नाव सुवार्ता शांतवन साळवे. पोस्टमन सोडला तर हे नाव आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावात कुणी वापरत नाही. सरकारी दवाखान्यात त्यांनी सगळी नोकरी काढली म्हणून सिस्टर, आणि नुसतं सिस्टर म्हणणं उद्धट वाटतं म्हणून पुढे बाई. गावातली निम्मी माणसं त्यांच्या हातांवर जन्माला आली आणि बाई ते कुणाला विसरू देत नाहीत. सरपंच चार माणसं मागे घेऊन रुबाबात चाललेले असले की बाई ओट्यावरून हाक मारतात, "पायाळू, अरे पायाळू, इकडं ये." सरपंच मुकाट्यानं येतात. मी त्यांच्यासमोर कधी दुकानदारी दाखवली तर म्हणतात, "सुधाकर, डोस पाजताना तू माझ्या बोटाला चावला होतास. ध्यानात हाय माझ्या."

गावात ख्रिस्ती घर त्यांचं एकटं. चर्च हिंगोलीला, म्हणून दर रविवारी सकाळी जीप. जीपवाला त्यांच्यासाठी पुढची जागा राखून ठेवतो, कारण गाडी सुटण्याआधी बाई प्रार्थना करतात आणि तिच्यात ब्रेकचा विषय निघतो. "प्रभू, याच्या ब्रेककडं ध्यान ठेव. हा ठेवत न्हाई." सगळी जीप आमेन म्हणते. अगदी मनापासून म्हणते.

मी एकदा विचारलं होतं, "बाई, प्रार्थना तुमची, देव तुमचा, जेवण तुमचं. आमचं आमेन कशाला लागतं त्यात?"

त्या म्हणाल्या, "प्रार्थना म्हंजे दस्त असतो, सुधाकर. एकानं लिहायचा, दुसऱ्यानं साक्षीला सही करायची. साक्षीदार न्हाई त दस्त बराबर न्हाई. तहसीलात इचार."

तहसीलात काय विचारणार. पण त्यांचं म्हणणं गल्लीनं मान्य केलं होतं. सगळ्यात पसंतीचा साक्षीदार म्हणजे समोरचे रफिकभाई. त्यांचं गाद्या भरायचं दुकान आहे. अंगावर कापूस उडालेला, तसेच ते दारात उभे राहायचे, दोन्ही हात समोर धरायचे आणि "आमीन" म्हणायचे, तेही घशातून, छान लांबवून. बाई आम्हाला सुनवायच्या, "बघा. याला म्हन्तेत साक्ष. तुमी त शाळेत हजर म्हनल्यावानी म्हन्ता." मी म्हटलं, ते आमीन म्हणतात, आमेन नाही. तर म्हणाल्या, "एक मात्रा इकडं तिकडं. वर समजतंय."

नव्या माणसाची मात्र पंचाईत व्हायची. एकदा बियाण्याच्या कंपनीचा एक पोरगा टाय लावून दुकानात आला होता. बाईंची प्रार्थना संपली, सगळे आमेन म्हणाले, हा नुसते ओठ हलवून गप्प.

"काय म्हनलास?" बाई.

"थँक यू म्हटलं, मॅडम."

"थँक यू मी म्हनले. तू आमेन म्हन."

त्या पोरानं म्हटलं. नंतर बाहेर जाऊन मला हळूच विचारलं की मावशी नक्की काय विकतात.

बाईंचा मुलगा आशीर्वाद पुण्यात मोठ्या कंपनीत आहे. सूनही नोकरी करते. त्यांना एकच मुलगी, एस्तेर. बाई तिला एस्तू म्हणतात. बाईंचे मालक, आमचे शांतवनकाका, पंचायत समितीत कारकून होते. ते गेल्यावर मुलानं बाईंना फोन घेऊन दिला. रोज संध्याकाळी तो फोन तांब्याला टेकवून उभा राहायचा आणि पडद्यावर एस्तू यायची. आधी गोष्ट, मग प्रार्थना, मग एस्तूचं आमेन, मग बाईंचं रात्रीचं जेवण, असा तो कार्यक्रम.

फोनची सेटिंग बिघडली की मला बोलावणं यायचं, म्हणून त्यातल्या बऱ्याच गोष्टी मी ऐकल्या आहेत. बायबल मी वाचलेलं नाही, पण त्यातल्या बऱ्याच घटना सेनगाव तालुक्यात घडल्या अशी माझी समजूत झाली आहे. नोहाच्या तारवात जनावरं चढत होती तेव्हा बैलबाजारातल्यासारखाच गोंधळ होता. योनाला देवानं सांगितलं निनवेला जा. "म्हंजे आपली हिंगोली समज. आन् हा बाबा बसला उलट्या वाटेच्या, रिसोडच्या जीपमदी." छोटी एस्तू हसून हसून कॅमेऱ्यातून खाली पडायची. बाई एकदम गंभीर. "हसू नको. आपुन समदे कवा ना कवा रिसोडच्या जीपमदी बसतोच."

कधी रेंज जायची आणि एस्तूचं चित्र मध्येच थिजायचं. बाईंना ते कळायचं नाही. एकदा प्रार्थना संपवून त्या आमेनची वाट बघत बसल्या. पडद्यावर एस्तू डोळे मिटलेली, तोंड अर्धवट उघडं. बाई कौतुकानं माझ्याकडे वळून कुजबुजल्या, "कसं ध्यान लागलंय बघ लेकराचं."

मध्ये एकदा आशीर्वाद येऊन त्यांना कायमचंच घेऊन गेला. एकटी बाई, वय झालेलं, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. गावानं निरोप दिला, रफिकभाईंनी नवी गादी भरून दिली. पण एक ऋतू जाईस्तोवर बाई त्याच गादीसकट परत. विचारलं तर म्हणाल्या, "पानी जमंना तिथलं."

खरं काय ते त्यांनी माझ्या बायकोला, वंदनाला, भाजी निवडताना सांगितलं. "घरात चार मानसं, आन् चौघांच्या जेवनाची येळ येगळी. आशू येतो तवा बाकीच्यांचं झालेलं. सून त्या लॅपटॉपपुढंच खाती. एस्तूला अभ्यास, ती ताट खोलीत नेती. मी टेबलावर बसून ऱ्हायचे. कोनाला बोलवावं त समदे कामात. इथं फोनवर त ती माझ्यापुढं बसती तरी, वंदना. तिथं भित्तीपलीकडं हुती."

एस्तू मोठी होत गेली तशा गोष्टी कमी झाल्या, पण प्रार्थना आणि आमेन राहिलं. मग एक दिवस बाईंनी साऱ्या बाजाराला बातमी दिली की एस्तूचं दृढीकरण ठरलंय. ते काय असतं ते आम्हाला त्यांनीच समजावलं. लहानपणी बाप्तिस्मा होतो तेव्हा लेकराच्या वतीनं आईबाप बोलतात. लेकरू जाणतं झालं की चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून स्वतःच्या तोंडानं म्हणतं, माझा विश्वास आहे. "तवा ते पक्कं होतंय," बाई म्हणाल्या. त्यांनी पांढरी साडी काढून इस्त्रीला दिली. मला पुण्याचं तिकीट काढायला सांगितलं.

त्या तिकिटासाठीच मी संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो होतो. तारीख विचारायची होती. फोन तांब्याला टेकलेला होता आणि एस्तू समोर होती. सतरा-अठरा वर्षांची झालेली, केस कापलेले, चष्मा.

"आजी, तू तिकीट काढू नकोस," ती म्हणाली.

"काहून? परीक्षा हाय का?"

"नाही. मी दृढीकरण करणार नाही. आजी, रागावू नकोस. तिथं उभं राहून माझा विश्वास आहे असं म्हणायचं असतं. मला माहीत नाही तो आहे का. मी खूप विचार केला. मला खरंच माहीत नाही." ती थांबली. मग घाईनं म्हणाली, "आणि रोज मी आमेन म्हणते ना, तेपण तू जेवायची थांबतेस म्हणून म्हणते. बरेच दिवस झाले."

मी चपला शोधायला लागलो. अशा वेळी तिथं बसू नये हे मला कळत होतं, पण दार बाईंच्या पलीकडे होतं. बाई काहीच बोलेनात. मला आधी वाटलं, नेहमीसारखं फोनमधलं चित्र अडकलं. पण फोनमधली पोरगी हलत होती, डोळे पुसत होती. थिजल्या होत्या त्या बाई.

"आजी?"

"मग म्हनू नको," बाई म्हणाल्या.

"तू रागावलीस."

"न्हाई. खोटी साक्ष देऊ नये हे तुला मीच शिकवलंय. ध्यानात ठेवलंस, बरं केलंस." मग नेहमीच्या आवाजात, "जेवलीस का?"

दुसऱ्या दिवशी आशीर्वादचा फोन आला. तो चिडलेला होता. आई, तू सांग तिला, तुझं ऐकेल, चर्चमधले लोक काय म्हणतील, असं त्याचं चाललं होतं. बाई ओट्यावर उभ्या राहून बोलत होत्या, म्हणून सगळं ऐकू आलं.

"लोकांचं सोड. तुझ्या घरात बायबल शेवटी कवा उघडलं ते सांग मला अगोदर." बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "मंग तिच्यावर जोर करू नको. ती खरं बोलली. तू तेवढं बी बोलला न्हाईस कवा."

त्या दिवशी दुपारी ताट दुकानात आलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. गिऱ्हाइकं विचारायला लागली, सिस्टर आजारी आहेत का. आम्हाला जेवायची वेळ कळेनाशी झाली, कारण सगळी गल्ली त्या आमेनवरच उठायची. शेवटी रफिकभाई अंगावरचा कापूस झटकत त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले. मीही मागोमाग गेलो.

"बाई, आजकाल बोलावत न्हाई तुमी."

बाई शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "रफिकभाई, किती वर्सं झाली, मी तुमाला जबरदस्तीनं म्हनाया लावलं. पोरांना लावलं. त्या बियान्याच्या पोराला लावलं. कोनाच्या मनात काय हाय ते कवा इचारलं न्हाई."

"माझ्या मनात येवढंच असायचं की बाई जेवल्या पायजेत. भुकेल्या मानसाच्या ताटावर आमीन म्हनायला मला कसली तकलीफ?"

बाईंनी त्यांच्यापुढे मूठभर शेंगा ठेवल्या. पण ताट काही आलं नाही. दिवाळीपर्यंत बाई पार वाळल्या. वंदना डबा द्यायची, तो बरेचदा तसाच परत यायचा. संध्याकाळी फोन मात्र चालू होता. एस्तूशी त्या बोलायच्या, नव्या कॉलेजचं, हॉस्टेलचं विचारायच्या, सर्दीला काय घ्यायचं ते सांगायच्या. देवाचा विषय त्या काढत नव्हत्या आणि एस्तूही काढत नव्हती. दोघी एकमेकींशी इतक्या जपून बोलायच्या की ऐकणाऱ्याला अवघडायचं.

नाताळला दर वर्षी आमचं जेवण बाईंकडे असतं. आशीर्वादच्या घरचे त्या वर्षी सुट्टीला दुसरीकडे जाणार होते. बाई म्हणाल्या होत्या की करंज्या करत न्हाई यंदा, खानार कोन. आदल्या दिवशी दुपारी हिंगोलीची जीप दुकानासमोर थांबली आणि पाठीवर बॅग घेतलेली एस्तू खाली उतरली. एकटी. आईबाबांबरोबर न जाता ती रेल्वेनं हिंगोलीला आली होती आणि तिथून जीपनं. मला म्हणाली, "काका, त्या जीपला ब्रेक आहेत का हो?"

बाईंनी रात्री उशिरापर्यंत करंज्या केल्या असाव्यात. दुसऱ्या दिवशी त्या एस्तूला घेऊन चर्चला जाऊन आल्या. ती नुसती शेजारी बसली होती, असं बाईंनीच सांगितलं. दुपारी आम्ही चौघं जेवायला बसलो, बाई, एस्तू, मी आणि वंदना. मटणाचा रस्सा, भाकरी, भात. बाईंनी सगळ्यांना वाढलं, स्वतःचं ताट पुढं घेतलं आणि सरळ भाकरी मोडली.

इतक्या वर्षांत मी असं पाहिलं नव्हतं. वंदनानं माझ्याकडे पाहिलं.

"आजी," एस्तू म्हणाली, "प्रार्थना?"

"जेव. थंड होऊन राहिलं."

"माझ्यामुळे करत नाहीस का तू?"

"तसं न्हाई."

"मग एकटी असताना करतेस?"

बाईंनी मोडलेला घास परत ताटात ठेवला.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "एकटीला जमत न्हाई गं मला. तुझे आजोबा गेले तवापासून. ते असताना रोज मी बोलायचे, ते आमेन म्हनायचे. ते गेले आन् मी ताटावर बसले, डोळे मिटले, आन् शब्दच फुटंना. काय बोलू, कोनाला बोलू, काही समजंना. तशीच उठले. मंग सुधाकरच्या दुकानात ताट घेऊन गेले. मानसं दिसली तवा बोलता आलं." त्या माझ्याकडे वळल्या. "ते दस्त, साक्षीदार, समदं मीच काढलेलं हाय. कुठं लिहिलेलं न्हाई तसं."

वंदना पदराशी चाळा करत होती.

"मला वाटायचं तुझा विश्वास एकदम पक्का आहे," एस्तू म्हणाली.

"हाय की. पन रोज सापडतोच असं न्हाई. तू म्हनलीस ना मला माहीत न्हाई, तवा मला तुझा राग न्हाई आला. मला वाटलं, येवढीशी पोरगी बोलली, आन् मी सत्तरी गाठली तरी कोनाला सांगितलं न्हाई."

एस्तू तिच्या जागेवरून उठली आणि आजीच्या शेजारी येऊन बसली. भिंतीला पाठ लावून, मांडी घालून, आजीच्या मांडीला मांडी लागेल इतकी जवळ.

"तू बोल," ती म्हणाली. "मी आमेन म्हणणार नाही. पण मी बसते इथं."

बाईंनी पदर घेतला आणि डोळे मिटले. सुरुवात काही होईना. ओठ नुसते हलत होते. एस्तूनं आजीचा हात धरला नाही, काही केलं नाही, ती फक्त बसून राहिली. मग बाई बोलायला लागल्या, नेहमीपेक्षा खूप हळू. भाकरीबद्दल आभार मानले. वंदनाचे गुडघे आले, रफिकभाईंचा खोकला आला. एस्तूबद्दल त्या काय मागतील याकडे माझं सगळं लक्ष होतं. तिला विश्वास दे, असं म्हणतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "हिच्या हॉस्टेलात गरम जेवन मिळत जाऊ दे. आन् ही एकटी पडू नये." आणि थांबल्या.

कुणीच काही म्हणालं नाही. माझ्या जिभेवर तो शब्द सवयीनं आला होता, पण वंदनानं माझ्या कोपराला हात लावला. बाहेर कुणाची तरी मोटरसायकल सुरू होत नव्हती, तिचा आवाज येत राहिला. बाईंनी डोळे उघडले, नात शेजारी आहे का ते पाहिलं आणि म्हणाल्या, "जेवा."

त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या. एस्तूनं चार करंज्या खाल्ल्या आणि उरलेल्या बॅगेत भरल्या.

ती परत गेली त्याला आता बराच काळ झाला. पुढं शिकायला ती हॉस्टेललाच आहे. दृढीकरण तिनं अजून केलेलं नाही, करणार का तेही कुणाला माहीत नाही. दुकानात ताट परत आलं नाही. एक वाजला की रफिकभाई अजूनही दारात येऊन माझ्या पायरीकडे बघतात आणि मग आत जातात.

पण त्याच वेळेला बाईंच्या घरात फोन वाजतो. एस्तू कॅन्टीनमधून लावते. "बोल, आजी," एवढंच म्हणते. मागे ताटांचा, पोरापोरींच्या हसण्याचा गोंधळ चाललेला असतो. बाई प्रार्थना करतात. संपली की पलीकडून आमेन येत नाही. "झालं? जेव आता," असं येतं, आणि फोन बंद होतो. मी बाईंना एकदा विचारलं, ती कधी म्हणेल असं वाटतं का तुम्हाला. त्या म्हणाल्या, "तिची मर्जी. फोन लावती ना."

परवा त्यांच्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेल बदलायला गेलो होतो. मी स्टुलावर उभा होतो तेव्हा फोन आला. बाईंनी डोळे मिटून सुरुवात केली. निम्म्यात पलीकडून एस्तूचा घाईचा आवाज आला, आजी लेक्चर आहे, सर वर्गात गेले, ठेवते गं. पडदा काळा झाला. बाई बोलतच राहिल्या. प्रार्थना पुरी केली, पदर खाली घेतला, ताट पुढं ओढलं आणि तांब्याला टेकलेल्या फोनकडं बघून म्हणाल्या, "आज मेथी केलीय. जरा कडूच झाली. तुला न्हाई आवडायची."

मी स्टुलावरून हळूच सांगितलं, "बाई, फोन बंद झालाय."

"व्हय," त्या म्हणाल्या. "मगाशीच झाला."

आणि एक घास घेऊन बाई त्या काळ्या पडद्याला सांगायला लागल्या, की बाजारात यंदा मेथी किती बारीक आलीय, आणि निवडायला सकाळ कशी पुरली नाही.